पन्नास गुंठे आणि १९५६ सालचं घर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या टाउनहाऊसमध्ये नऊ वर्षं काढलीत, आता हिल्सबरोच्या बाजूला १९५६ सालचं घर पाहिलंय, सव्वा एकर जागा आहे, आणि बाबा फोनवर म्हणतात, "जागा सोडू नका." ते घ्यावं का, असं विचारलंयत.

सव्वा एकर म्हणजे आपले पन्नास गुंठे. गावाकडे पाच गुंठ्यांवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, त्यामुळे बाबांचा जीव का अडकलाय ते मला कळतं. पण त्यांच्या मनात जी जमीन आहे, जिची पुढे वाटणी करता येईल, जिच्या कोपऱ्यात दोन खोल्या काढता येतील, ती इथे मिळेलच असं नाही. न्यू जर्सीत तो निर्णय टाउनशिपच्या झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय आणि किती बांधता येईल या स्थानिक नियमांचा. त्या भागात एका घराला किमान एक एकर लागत असेल, तर सव्वा एकराचे दोन प्लॉट होत नाहीत. रस्त्याकडची रुंदी किती हवी, हद्दीपासून किती सोडायचं, किती भागावर बांधकाम चालेल, सगळं ठरलेलं असतं. मागे दलदल असेल तर १९८७ च्या राज्य कायद्यानं तिच्याभोवतीचा पट्टाही, काही ठिकाणी दीडशे फुटांपर्यंत, संरक्षित असतो. म्हणून ऑफर देण्याआधी जागेचा ब्लॉक आणि लॉट नंबर घेऊन झोनिंग ऑफिसरला भेटा. जुन्या परवानग्यांचे कागद ओप्राचा, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराचा, अर्ज करून मागवता येतात.

आई-बाबांसाठी एक बेडरूम वाढवायची, असं लिहिलंयत. घराला सेप्टिक टँक आहे ना? त्याची क्षमता बेडरूमच्या संख्येवर धरलेली असते. खोली वाढली की सेप्टिकही वाढवावा लागू शकतो, आणि तो खर्च खोलीच्या खर्चाच्या जोडीला येतो. हे आधी विचारा, आर्किटेक्ट नंतर.

आता आमचं सांगते. आमचं घरही त्याच काळातलं. घर गरम करायला गॅसची फर्नेस होती, म्हणून इन्स्पेक्टर म्हणाला, तेलाच्या टाकीचा शोध घ्यायची गरज नाही, आणि आम्ही ऐकलं. दुसऱ्या वर्षी गुलाबांसाठी वाफा खणताना लोखंडी पाइप लागला. गॅस येण्याआधी घर तेलावर गरम व्हायचं, ती टाकी जमिनीतच राहिली होती आणि गळत होती. टाकी काढणं, खालची माती उचलून नेणं, नमुने तपासणं यात स्वयंपाकघरासाठी साठवलेले सगळे पैसे गेले. घराच्या विम्यानं हात वर केले. टाकीचा शोध घेणं ही काही शे डॉलरची आणि तासाभराची गोष्ट होती. तुम्ही ती कराच, फर्नेस कसलीही असो.

धाकटी दोन वर्षांची आहे, म्हणून शिशाच्या रंगाची तपासणीही टाळू नका. घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद झाला. खिडकी वरखाली करताना चौकट घासून त्याची धूळ पडते आणि रांगत्या मुलांच्या तोंडात जाते. या तपासणीसाठी कायद्यानं तुम्हाला दहा दिवस मिळतात. रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) आणि विहिरीच्या पाण्याचे रिपोर्ट, वायरिंग, छप्पर हे नेहमीचंच, चांगला इन्स्पेक्टर बघेल. तळघरात मात्र स्वतः उतरा आणि भिंतीच्या पायथ्याशी पाण्याची रेघ दिसते का ते पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळात शेजारच्या मॅनव्हिलची काय दशा झाली ते तुम्ही पाहिलंच असेल. पूर येऊन गेला असेल तर २०२४ पासून विकणाऱ्याला ते लेखी सांगावं लागतं, तो कागद मागून घ्या. एजंटनं केलेल्या करारावर सही झाली की वकिलाला तो तपासायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात, त्यामुळे वकील आधीच ठरवून ठेवा.

खरी काळजी मला वेगळीच वाटते. आई-बाबा सहा महिने येतात. एडिसनला ते भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडला जातात, देवळात जातात, संध्याकाळी चारचौघं भेटतात. या घरापुढच्या रस्त्याला फुटपाथ आहे का? दोघांनाही गाडी चालवता येत नाही. तुम्ही सकाळी आठला निघालात की संध्याकाळपर्यंत त्यांना पन्नास गुंठे हिरवळ आणि खिडकी. बाबा पहिला महिना मेथी लावतील, कुंपण नसेल तर ती हरणं खातील. आई काय करेल, हे तिला कोणी विचारलंय का?

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. घर एकमजली असेल, तपासण्या नीट निघाल्या आणि वाटणीची, बांधकामाची आशा सोडूनही किंमत पटत असेल, तर घ्या. केवळ जमिनीसाठी घेऊ नका. गवत कापणं, वाळलेली झाडं पाडणं आणि प्रॉपर्टी टॅक्स दरवर्षी येणार. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत ना? मग एखाद्या कामाच्या दिवशी त्यांना तिथे घेऊन जा आणि दारापासून सगळ्यात जवळच्या दुकानापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जाऊन या. ऑफर त्यानंतर द्या.