इबोलावरचं संशोधन वाचायला घेताय? आधी एवढंच करा

सगळे विषाणू एकदम हातात घेऊ नका. इबोला, लासा, क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप आणणाऱ्या विषाणूंच्या एकाच यादीत दिसतात, पण त्यांची कुळं वेगळी. इबोलापासून सुरुवात करा. लस आणि औषधं, दोन्हींची माणसांवरची चाचणी तिथे झालेली आहे.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात.

- इबोलाची लस म्हणजे सगळ्या इबोलांवरची लस, असं समजतात. एर्व्हेबो ही इबोला विषाणूच्या झैर नावाच्या प्रजातीसाठीची लस आहे, सुदान नावाच्या प्रजातीसाठी नाही. पेपर उघडलात की आधी प्रजाती बघा.
- माकडं वाचली म्हणजे औषध सापडलं, असं धरतात. रेमडेसिव्हिरने माकडं वाचवली होती. मग २०१८-१९ मध्ये काँगोत 'पाम' ही इबोलाच्या औषधांची रुग्णांवर तुलना करणारी चाचणी झाली. रेमडेसिव्हिर घेतलेल्यांपैकी ५३ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले, दोन अँटिबॉडी औषधांवर साधारण ३५ टक्के. त्या चाचणीच्या पेपरमधला मृत्यूंचा तक्ता सावकाश वाचा, विशेषतः रक्तात विषाणू कमी असलेल्या रुग्णांची ओळ. तिथे मृत्यू कितीतरी कमी आहेत. विषाणू वाढण्याआधी, लवकर उपचार म्हणजे काय, हे मला त्या ओळीने शिकवलं.

प्रथिनांच्या रचना वगैरे सध्या बाजूला ठेवा. अडलात तर बिनधास्त विचारा.