पावसाळाभर उभी राहिलेली प्रीमियर पद्मिनी चोक आत ढकलताच बंद पडते. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करून इंजिनला देणारा भाग) नवा घ्यावा की जुनाच उघडून दुरुस्त करावा?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. रत्नागिरीजवळच्या आपल्या घरी वडिलांची 1986 ची पद्मिनी जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आता ती चोकवर सुरू होते, चोक आत ढकलला की बंद पडते, बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो आणि मेकॅनिकने नवा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला दिला आहे. राजापूरला राहून अशीच एक पद्मिनी बरीच वर्षे सांभाळणारा माणूस म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी जुनाच कार्बोरेटर उघडावा आणि नव्याचा विचार त्याची बॉडी, म्हणजे धातूचे मुख्य कवच, खरोखर निकामी ठरली तरच करावा.

आपण सांगितलेली दोन लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात. चोक ओढल्यावर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. म्हणून चोकवर चालणारी आणि त्याशिवाय बंद पडणारी गाडी पेट्रोलवाचून उपाशी आहे, म्हणजे एकतर पायलट जेट (इंजिन सावकाश चालताना पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी) तुंबला आहे किंवा कुठूनतरी जादा हवा आत शिरते आहे. वास मात्र पेट्रोल ओसंडून वाहत असल्याचा आहे आणि तो बहुधा फ्लोट चेंबरमधली, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातली, निडल (कप्पा भरला की पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नसल्यामुळे येतो. एकीकडे उपासमार आणि दुसरीकडे ओव्हरफ्लो हे विसंगत वाटले, तरी चेंबरमध्ये घाण साचली की दोन्ही एकाच वेळी होऊ शकते. कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून हुंगून पाहावी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर निडलमधून ओसंडलेले किंवा यांत्रिक पेट्रोल पंपाच्या फाटलेल्या डायफ्राममधून गळालेले पेट्रोल खाली उतरलेले असते. अशा वेळी ऑइल बदलल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू करू नये. पॉइंटचा (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्कांचा) गॅप, प्लग आणि टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) हेही आधीच तपासून घ्यावे, कारण प्रज्वलनातल्या दोषाचे खापर कार्बोरेटरवर फोडण्याची सवय आपल्याकडच्या गॅरेजांत फार जुनी आहे.

बॅटरीची तार काढून, मोकळ्या हवेत, वरचे झाकण उघडल्यावर फ्लोट चेंबरच्या तळाशी काय आहे ते नीट पाहावे. आपल्या किनाऱ्यावर तेथे बहुधा चुन्यासारखी पांढरी, किंचित खरखरीत पूड सापडते आणि जेटच्या पितळेवर हिरवट थर दिसतो. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि ती पूड म्हणजे पाण्याने खाल्लेले जस्त. सध्या पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला दमटपणा शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर वाढले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या पट्ट्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत याचा अनुभव हमखास येतो. तीच पूड पायलट जेटच्या सूक्ष्म छिद्रात अडकते आणि निडलच्या बैठकीवरही बसते.

ही पूड काढण्यासाठी चिंच, आमसुलाचे पाणी किंवा व्हिनेगर कृपया वापरू नये. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर त्याने चकाकी येत असली, तरी आम्ल जस्ताची बॉडी खाऊन टाकते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा, मऊ ब्रश आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा एवढे पुरेसे आहे. मात्र रबरी भाग आणि डायफ्राम त्याआधी बाजूला काढलेले असावेत. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नये. सोलेक्सच्या (पद्मिनीच्या कार्बोरेटरचा हा मेक) मुख्य जेटवर कोरलेला आकडा हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे 120 चा जेट 1.20 मिलिमीटरचा, तारेने जरासे खरवडले तरी तो आकडा खोटा ठरतो. फ्लोट (चेंबरमधला तरंगता पोकळ गोळा) पितळी असल्यास कानाजवळ हलवून आत पेट्रोल खळखळते का ते ऐकावे आणि गरम पाण्यात बुडवून बुडबुडे निघतात का ते पाहावे. निडल व्हॉल्व्हखालचा वॉशर पेट्रोलची पातळी ठरवतो, म्हणून तो जुन्याच जाडीचा असावा. सर्व्हिस किटमध्ये व्हायटॉन (इथेनॉलला टिकणारे कृत्रिम रबर) टोकाची निडल मिळाली तर तीच घ्यावी, कारण जुन्या पद्धतीचे रबर इथेनॉलमध्ये फुगते.

बॉडी ठेवावी, दुरुस्त करावी की टाकावी, हे ठरवताना आधी स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची) दांडी, पाहावी. थ्रॉटलचा लिव्हर बोटांत धरून वर-खाली हलवावा. स्पिंडलला जाणवेल इतका प्ले (ढिलेपणा) असेल, तर त्या फटीतून हवा आत ओढली जाते, गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) कधीच एकसारखी राहत नाही आणि कितीही महाग किट बसवले तरी फरक पडत नाही. अशी बॉडी लेथवर नेऊन तिला पितळी बुश (झिजलेल्या भोकात बसणारी कडी) बसवता येतो. आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेल्यास हे बारीक काम करणारे कारागीर मिळतात. दुसरी तपासणी खालच्या फ्लँजची, म्हणजे इंजिनवर बसणाऱ्या सपाट कडेची. नट प्रमाणाबाहेर आवळल्याने तो वाकतो, म्हणून काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावा आणि किंचित वाक असल्यास काचेवर वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) पसरून सपाट करावा. फ्लँजला तडा गेला असेल किंवा आतले मार्ग गंजून एकमेकांत उघडले असतील, तरच बदलणे योग्य.

बदलायची वेळ आलीच, तर चकचकीत बिननावाच्या नव्या नगापेक्षा जुना अस्सल सोलेक्स शोधून त्याचीच उभारणी करणे मला अधिक पसंत आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे एकेकाळी सहज मिळणारे सुटे भाग आता कमी होत चालले आहेत. कुर्ला आणि ऑपेरा हाऊस परिसरात चौकशी करताना जुना कार्बोरेटर सोबत न्यावा आणि जेटचे आकडे जुळवून पाहावेत.

जोडणी झाल्यावर इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात पाहत थ्रॉटल एकदा ओढावा. ॲक्सिलरेटर पंपातून (वेग वाढवताना जादा पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पंपातून) पेट्रोलची सरळ धार दिसली पाहिजे. मिक्स्चर स्क्रू (स्लोवरचे मिश्रण ठरवणारा) हलक्या हाताने आत टेकवून सुमारे दीड फेरा बाहेर घ्यावा, इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि मग आवाज सर्वांत वेगवान व एकसारखा होईल तेथे तो ठेवून स्लो कमी करावा. त्यानंतरची चाचणी सपाट रस्त्यावर न घेता चढावर घ्यावी. वळणावळणाच्या घाटात गाडी धापा टाकू लागली, तर फ्लोटची पातळी पुन्हा तपासावी.

पुढच्या मे अखेरीस गाडी शेडमध्ये लावताना पंपाकडे येणारी पेट्रोलची नळी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे चेंबर बऱ्याच अंशी रिकामा होतो; तळाशी उरलेले थोडे पेट्रोल झाकण उघडून फडक्याने टिपून घ्यावे.