लॅपटॉप अचानक बंद पडतो

प्रश्न : माझा पाच वर्षं जुना लॅपटॉप व्हिडिओ एडिटिंग करताना काहीही सूचना न देता बंद पडतो. लगेच सुरू केला तर पुन्हा तेच. विंडोज नव्याने टाकून घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. जड कामातच बंद पडणं हे बहुधा उष्णतेचं लक्षण. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी वेग कमी करतो. तरीही तापमान चढलं तर लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद होतो. एचडब्ल्यूमॉनिटर या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा पाहा. ९५च्या वर जात असेल तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत बहुधा धुळीचा थर साचलेला असणार. तो बाहेरून फुंकून निघत नाही. तळ उघडा, बॅटरीचा कनेक्टर काढा, पंखा बोटाने धरून ब्रशने साफ करा. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली सुकलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, पातळच. (लॅपटॉप गादीवर ठेवत असाल तर ते आधी थांबवा.)

आकडा ७०-८०तच राहून बंद पडत असेल, तर बॅटरी आणि चार्जर तपासा. चार्जर काढताच, ४० टक्के दिसत असतानाही बंद होत असेल, तर बॅटरी बदला. ती फुगून टचपॅड उचलला गेला असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता एवढंच सांगते. तेवढ्यावरून कोणी मदरबोर्ड बदलायला सांगितलं तर ऐकू नका.