गव्हाचे चार ठिपके

"मॅडम, आम्ही सगळ्यांनीच बंद केलंय. घरात गव्हाचा कण येत नाही. मग याच्या रक्तात अजून का दिसतंय?"

आई हे बोलली तेव्हा तिच्या हातात दोन रिपोर्ट होते. सहा महिन्यांपूर्वीचा आणि कालचा. मुलगा दहा वर्षांचा, सिलिअ‍ॅक रोगाचं निदान होऊन वर्ष झालेलं. सहा महिन्यांनी छान उतरलेला टीटीजी अँटिबॉडीचा, म्हणजे या रोगात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांचा, आकडा वर्षाच्या तपासणीत पुन्हा चढला होता. डॉक्टरांनी सांगितलं, कुठून तरी ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, पोटात जातंय, आहारतज्ज्ञांना भेटा. आहारतज्ज्ञांनी डबे, मसाले, सॉसच्या बाटल्या, सगळं तपासलं. काही सापडलं नाही म्हणून त्यांनी या घराला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. (परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एका मुलाला ग्लुटेन बंद, तर सगळ्या घराने सोडायचं का? त्याच्यासमोर खाल्लं तर निर्दयपणा वाटतो. सगळ्यांनी सोडलं तर भावंडांवर अन्याय. पूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर फार पटकन द्यायचे. या घरालाही पहिल्या भेटीत मी म्हणाले, "सगळ्यांनी मिळून सोडलंत, फार छान केलंत." ते वाक्य आठवलं की अजून अवघडायला होतं.

मागचं थोडं सांगते. दोन वर्षं मुलाची उंची जवळजवळ थांबली होती. लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. जेवण झालं की पोट दुखायचं, चिडचिड व्हायची, आणि घरात त्याचं नाव पडलं होतं 'नाटक्या'. मग एका डॉक्टरांना शंका आली. रक्ततपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासले, आणि कळलं की पोर नाटक करत नव्हतं. गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांमधल्या ग्लुटेनमुळे त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर हल्ला करत होती. आतड्याच्या आतल्या बाजूला गालिच्यासारखी जी बारीक लव असते ती झिजून सपाट होते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच, ग्लुटेन कायमचं बंद.

त्याच रात्री आईने स्वयंपाकघर रिकामं केलं. पिठं, पाव, बिस्किटं, नूडल्स, सगळं. घरात बाबा, आजी आणि सात वर्षांची धाकटी बहीण. कोणाला विचारलं नाही. "याला नाही तर कुणालाच नाही," एवढंच म्हणाली.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण दर महिन्याला एखादं तरी घर ती चूक करून येतं. तपासण्या व्हायच्या आधी मुलाचं ग्लुटेन बंद करू नका. बंद केलं की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो. मग निदानासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे तेच खायला घालावं लागतं, आणि ते बघणं आईबापांना फार जड जातं. 'वजन वाढेल', 'लक्ष लागेल' अशा ऐकीव कारणांसाठी मुलाचं ग्लुटेन तोडलेली घरंही येतात. त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवते.

तर, दुसऱ्या भेटीत मी मुलाला एकट्याला बसवलं. तो बोलायला तयार नव्हता. "मी काही खाल्लं नाही," हे वाक्य त्याने आत आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. मी तो विषय सोडला आणि त्याला घराचा नकाशा काढायला सांगितलं. कोण कुठे बसतं, कोण कुठे झोपतं, खाऊ कुठे असतो. मन लावून काढला. दारं, खिडक्या, मांजरसुद्धा. मग लाल खडू घेतला आणि चार ठिकाणी ठिपके दिले.

"हे काय?"

"गहू."

पहिला ठिपका आजीच्या कपाटात, साड्यांच्या मागे बिस्किटांचा डबा. दुसरा बाबांच्या गाडीत. "बाबा घरी येण्याआधी खाली गाडीतच सँडविच खातात. सीटवर चुरा असतो." तिसरा धाकटीच्या रंगांच्या पेटीत, मैत्रिणीने दिलेली चॉकलेटची बिस्किटं. चौथ्या ठिपक्यापाशी तो जरा थांबला. तो आईच्या ऑफिसच्या पिशवीत होता.

"तुला हे सगळं कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून. सगळे खातात. मला फक्त माहीत नाही असं दाखवायचं असतं."

आजीच्या डब्यातून तो आठवड्यातून एकदोनदा घ्यायचा. तीनच, म्हणजे आजीला कळू नये. आवडतं म्हणून का, असं विचारलं तर खांदे उडवले. मग म्हणाला, "माझ्यामुळे सगळ्यांना लपून खावं लागतं. मग मी पण लपून खाल्लं तर काय झालं?"

मी गप्प बसले. वर्षभर हे घर त्याला साथ देत होतं, आणि त्या साथीतून हा मुलगा नेमकं एवढंच शिकला होता की या घरात खायचं ते चोरून. वर त्याच्या डोक्यावर चार माणसांच्या उपवासाचं ओझं. आणि उपवास खोटा आहे हे माहीत असूनही ओझं काही कमी होत नव्हतं.

नकाशा दाखवू का, असं त्याला विचारलं. त्याने बराच विचार करून मान डोलावली, फक्त मांजर खोडलं. ते आमच्याकडे नाहीये, म्हणाला.

पुढच्या भेटीत कागद टेबलावर मध्ये ठेवला. कुणी काही बोलेना. बाबांचे कान लाल झाले. शेवटी आजीलाच हसू फुटलं, "साड्यांमागचा डबा पण दिसला होय रे तुला!" मग सगळेच हसले, आई सोडून. ती रडायला लागली. दोन वर्षं मी याला नाटकं करतो म्हणून ओरडले, जेवायला लावलं, एकदा हातही उचलला, असं ती म्हणाली. रिकामं केलेलं स्वयंपाकघर हे तिचं प्रायश्चित्त होतं. प्रायश्चित्त एकटीने घेतलं असतं तर कदाचित निभावलं असतं, तिने सगळ्या घराला ते दिलं. मुलाने तिच्याकडे बघून एवढंच विचारलं, "तुझ्या पिशवीत काय असतं, पाव की केक?" पाव, असं तिने कबूल केलं.

मग खरं काम सुरू झालं. सगळं बंद आणि सगळं चालू यांच्यामध्ये बरीच जागा असते. या घराने ठरवलं ते असं. सगळ्यांचं एकत्र जेवण त्याला चालेल असंच शिजेल, आणि त्याला फार काही लागत नाही. तांदूळ, डाळी, बटाटा, भाज्या, अंडी, दूध, फळं यांत मुळात ग्लुटेन नसतंच. ज्यांना गव्हाचं हवं त्यांचं एक फडताळ. ते सगळ्यात खालचं, म्हणजे वरून चुरा त्याच्या खाण्यावर सांडायला नको. उघड्यावर, नाव लिहून. टोस्टर, चाळणी, लाकडी चमचे आणि पोळपाट दोन-दोन, कारण लाकडाच्या भेगांत पीठ अडकून राहतं. लोण्याची आणि जॅमची बाटली वेगळी, कारण पावावर फिरलेली सुरी परत बाटलीत जाते. सुटं गव्हाचं पीठ घरात चाळायचं नाही, ते हवेत उडून सगळीकडे बसतं. हा शेवटचा नियम मुलाने स्वतः सुचवला.

बाबांना ही फाटाफूट वाटली. "एवढ्याशा चुऱ्याने काय होणार?" त्यांना आकडा हवा होता, तो दिला. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलं आहे, आणि पावाच्या एका तुकड्यात ते दोन ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे एका तुकड्याचा चाळिसावा भाग. गाडीच्या सीटवर त्याहून जास्त पडलं होतं.

आजीचा प्रश्न वेगळा होता. आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा संबंध दाखवून दिला आणि 1950 साली आपल्या प्रबंधात मांडला. तोपर्यंत असली पोरं 'अंगी लागत नाही' म्हणूनच वाढायची, किंवा वाढायची नाहीत. आजी बराच वेळ गप्प होती. नंतर कळलं, तिचा एक भाऊ लहानपणी असाच वाळत वाळत गेला होता. तो कशाने गेला हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण डबा तिने त्याच संध्याकाळी साड्यांमागून काढून खालच्या फडताळात ठेवला.

धाकटीचं मात्र राहिलं होतं, आणि ती चूक आम्हा सगळ्यांची. ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करायची असते, कारण त्यांच्यात तो सापडण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास असते. पण तीही वर्षभर घरात ग्लुटेनशिवाय जेवत होती, रंगांच्या पेटीतलं सोडून. अशा पोटावर केलेल्या तपासणीचा भरवसा धरता येत नाही. डॉक्टरांनी तिला काही आठवडे रोज गव्हाचं खायला सांगितलं. ही बातमी तिला दादाने दिली, आणि देताना तो जरा रुबाबात होता. तिचा रिपोर्ट चांगला आला. पुढेही मधूनमधून बघावं लागेल.

मुलाबरोबर आम्ही एक वाक्य बसवलं, वाढदिवसांसाठी आणि शाळेसाठी. "मला पोटाचा आजार आहे, यात गहू असेल तर मी खात नाही." सुरुवातीला तो हे पुटपुटायचा. लेबल वाचायचं कामही त्याच्याकडे गेलं. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव, सोया सॉसमध्ये बऱ्याचदा गहू असतो, आणि साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ होते म्हणून 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेलेच घ्यायचे, हे तो आता मला शिकवतो. दुकानात आईला थांबवून तो पाकीट उलटं करतो. ती वाट बघत उभी राहते. तिच्यासाठी ते सोपं नाही.

सहा महिन्यांनी आकडा पुन्हा उतरला. शेवटच्या भेटीला आजी आणि तो दोघंच आले होते. मी डब्याचं विचारलं.

"खालीच आहे. माझा पण आहे, वरच्या फडताळात. माझी वेगळी बिस्किटं." मग आजीकडे बोट दाखवून म्हणाला, "हीच माझ्यातली घेते. तीन-तीन."