शेवटचे चार किलो उरलेत आणि वजन हलत नाही. कॅलरी १६५० वरून १३०० वर आणू का?

प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडतो. वय ३४, पुरुष, उंची १६८ सेंटीमीटर, नागपुरात बैठी नोकरी. वजन ८४ होतं, आता ७१ आहे, जायचंय ६७ वर. रोज १६५० कॅलरी. आधी महिन्याला तीन किलो उतरायचे, आता जेमतेम एक.

१३०० वर आणू नका. तुमच्या आकड्यांवरून तरी तुम्हाला खाणं कमी करायची गरज दिसत नाही, मोजमाप नीट करायची गरज दिसते. आणि शेवटच्या दोन किलोंसाठी तर कॅलरी थोड्या वाढवाव्या लागतील.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. महिन्याला तीन किलो जात होते तेव्हा तुमचं डेफिसिट, म्हणजे रोजची तूट, ७७० च्या आसपास होती. आता एक किलो जातो, म्हणजे तूट २५५ उरली. वजन थांबलेलं नाही, तूट रोज ५१५ ने घटली आहे. ती कुठे गेली हे शोधायचं.

पहिला हिस्सा सरळ हिशेबाचा. मिफ्लिन-सेंट जोर सूत्राने पुरुषाचा बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दिवसभरात लागणाऱ्या कॅलरी, असा निघतो: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. बायकांसाठी शेवटच्या अधिक ५ च्या जागी वजा १६१. तुमचा ८४ किलोला १७२५ होता, ७१ ला १५९५ आहे. बैठ्या कामाला थोडं चालणं जोडून १.४ ने गुणलं तर दिवसाचा खर्च २४१५ वरून २२३३ वर आला. म्हणजे उतरलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे १४ कॅलरी आणि १३ किलोंच्या १८० गेल्या. हे अटळ आहे, लहान शरीराला कमी लागतं.

उरल्या ३३० च्या आसपास. यातला काही भाग शरीराच्या काटकसरीचा. वजन उतरलं की सूत्र सांगतं त्यापेक्षाही खर्च थोडा कमी होतो, बहुतेकांत ५० ते १५०. त्यातला बराचसा नकळत हालचाल घटल्यामुळे: जिन्याऐवजी लिफ्ट, फोनवर बोलताना येरझाऱ्या बंद, संध्याकाळी सोफा. ‘मेटाबॉलिझम बंद पडला’ असं मात्र होत नाही. १९४४-४५ साली मिनेसोटात ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचा खर्च खूप घसरला, तरी वजन पावपटीने उतरलंच.

बाकीच्या दीडदोनशे कॅलरी ताटातून येताहेत, आणि दुरुस्त करण्यासारखी जागा तीच. सुरुवातीला माणूस वजनकाट्यावर पीठ मोजतो. सहा महिन्यांनी ‘अंदाज आलाय’ म्हणून काटा फडताळात जातो. अंदाज नेहमी स्वतःच्या बाजूनेच चुकतो.

तेलापासून सुरुवात करा. १५ मिलीचा एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, पोह्यांच्या छोट्या चमच्यातही ४५. घरातलं तेल पकडायचा सोपा मार्ग असा: पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो ते बघा. चार माणसांत महिना पुरत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तुमच्या नोंदीत रोज ‘तेल २ चमचे’ असेल तर फरक तिथेच सापडला. आपल्याकडे गोळाभातावर वरून घेतलेली फोडणी, पिठल्यावरचं कच्चं तेल, सावजी रश्शाची तर्री (वर तरंगणारं तेल) हे कोणी नोंदवतच नाही. सावजी खायचं असेल तर खा, पण वरची तर्री बाजूला काढून खालचा रस्सा आणि मटणाचे तुकडे घ्या. तर्री पोह्यांतही खरी बाब पोहे नाहीत, तर्री आहे.

कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत दुसरी. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० कॅलरी, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. ॲपमध्ये कुठली नोंद निवडली ते तपासा. पोळीसाठी ‘एक मध्यम पोळी’ ही नोंद वापरूच नका. एका दिवसाचं पीठ तोला आणि पोळ्यांच्या संख्येने भागा. ३० ग्रॅम पिठाची पोळी साधारण १०० कॅलरीची, वरचं तूप वेगळं. ज्वारीच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे २०० आल्या. शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी दहा ग्रॅम घेतली तरी ५० ते ५५. संत्रं बिनधास्त खा, सोललेल्या १०० ग्रॅममध्ये पन्नासच्या आत येतं. चारपाच संत्र्यांचा ग्लासभर रस मात्र भूक न भागवता निघून जातो.

आणि शनिवार-रविवार. पाच दिवस १६५० आणि दोन दिवस २३०० खाल्लं तर आठवड्याची सरासरी १८३६ होते. दीडदोनशेचा फरक एवढ्यानेच भरून निघतो, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे.

आता करायचं काय. पुढचे १४ दिवस खाण्यात काहीही बदलू नका, फक्त सगळं तोला, तेलाची बाटलीसुद्धा स्वयंपाकाआधी आणि नंतर. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी वजन घ्या आणि सात दिवसांची सरासरी काढा. एकेका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. रविवारी रात्री सावजी जेवलात तर मिठाने धरलेल्या पाण्यामुळे सोमवारी किलो-सव्वा किलो जास्त दिसेल, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसभर घाम गाळला तर तेवढंच कमी दिसेल. दोन्हींत चरबीचा संबंध नाही. समजा आज सरासरी ७१.४ आहे आणि १४ दिवसांनी ७०.९ आली. अर्धा किलो गुणिले ७७००, भागिले १४, म्हणजे २७५. ही तुमची खरी तूट. तोललेलं खाणं समजा १८२५ निघालं, तर १८२५ अधिक २७५ म्हणजे २१०० हा तुमचा मेंटेनन्स, म्हणजे वजन आहे तिथेच राहील एवढं रोजचं खाणं, आणि तो कुठल्याही सूत्रापेक्षा किंवा घड्याळापेक्षा जास्त भरवशाचा. मनगटावरचं घड्याळ ‘४०० जाळल्या’ म्हणालं म्हणून ४०० खायला जाऊ नका. हाच प्रश्न कुणा बाईंचा असेल तर तुलना १४ ऐवजी २८ दिवसांची करावी, कारण पाळीच्या आधी पाणी धरलं जातं आणि दोन आठवड्यांचा हिशेब फसतो.

मग तूट किती ठेवायची? आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का हे या टप्प्यावरचं वरचं टोक धरा. ७१ किलोला ते ३५० ग्रॅम, म्हणजे रोज ३८५ कॅलरी. त्यामुळे ७१ पासून ६९ पर्यंत ४०० च्या आत राहा. वरचं उदाहरण धरलं तर १७०० ते १७२५ खायचं, जे तुम्ही आधीच खातोय असं समजत होता त्याच्याही थोडं वरच आहे. ६९ पासून ६७ पर्यंत तूट २५० वर आणा, खाणं १८०० ते १८२५. पहिल्या दोन किलोंना पाचसहा आठवडे, पुढच्या दोनांना आठनऊ. एकूण साडेतीन महिने लागतील. कुठलाही बदल १०० ते १५० कॅलरींचाच करा आणि दोन आठवडे धरून ठेवा; चार दिवसांत आकडा हलला नाही म्हणून पुन्हा कापाकापी करू नका.

तूट कमी का करायची, याचं कारण साठ्यात आहे. अंगावर चरबी भरपूर असते तेव्हा शरीर रोज मोठी रक्कम तिच्यातून काढू शकतं. साठा आटला की तेवढीच मागणी पुरी करायला स्नायू मोडावे लागतात, आणि भूकही जास्त लागते कारण चरबीच्या पेशींतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन उतरलेलं असतं. १३०० वर गेलात तर तूट ८०० होईल, आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त. दहाबारा दिवस आकडा छान पळेल, मग एखाद्या लग्नात किंवा रात्री अकरा वाजता फ्रीजपुढे सगळा हिशेब परत येईल.

शिवाय १३०० मध्ये प्रोटीन बसतच नाही. तुम्हाला रोज किमान ९० ग्रॅम, जमल्यास ११० हवं. शाकाहारी दिवस मांडून बघा: कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम (२६ ग्रॅम प्रोटीन), पनीर १०० ग्रॅम (१८), कच्ची तूरडाळ ६० ग्रॅम (१३), दही ३०० ग्रॅम (१०), फुटाणे ४० ग्रॅम (८), आणि कणीक-ज्वारी मिळून १५० ग्रॅम पीठ (१६). नव्वद ओलांडले आणि कॅलरी १५०० च्या जवळ आल्या, भाजी-तेल अजून बाकीच आहे. अंडी-चिकन खात असाल तर सोपं जातं: कच्च्या १०० ग्रॅम चिकन ब्रेस्टमध्ये २२ ग्रॅम, सव्वाशेच्या आत.

आठवड्यातून दोनतीनदा वजनं उचला. इथे व्यायाम कॅलरी जाळायला नाही, स्नायू टिकवायला आहे, म्हणून ‘कटिंग’ (चरबी उतरवणं) चाललंय म्हणून हलकी वजनं घेऊन पन्नास-पन्नास वेळा उचलू नका. आधी जेवढं उचलत होता तेवढंच धरून ठेवा. दोनतीन आठवडे सलग सगळ्याच व्यायामांत ताकद उतरत असेल, झोप तुटत असेल, सारखी थंडी वाजत असेल, तर तूट जास्त झाली आहे, १५० वाढवा. केस गळणं दोनतीन महिन्यांनी दिसतं, तोवर कारण विसरलेलं असतं.

पावलं मोजा, फक्त घसरू नयेत एवढ्यासाठी. तीन हजार पावलं म्हणजे दोनेक किलोमीटर, तुमच्या वजनाला शंभराच्या आसपास कॅलरी. थंडीत अंबाझरी किंवा फुटाळ्याला सहज होणारी पावलं एप्रिल-मेमध्ये निम्मी होतात, आणि लोक म्हणतात उन्हाळ्यात वजन अडतं. सकाळी साडेपाच-सहाला उरकायचं, नाहीतर संध्याकाळी घरातच किंवा मॉलमध्ये फेऱ्या. त्यात उसाचा रस आणि वाटीभर आमरस धरा, म्हणजे अडण्याचं कोडं सुटतं.

सहा महिने सलग तुटीत असाल तर ६९ ला पोचल्यावर दहा ते चौदा दिवस मेंटेनन्सवर खा. म्हणजे मोकाट नाही: रोज ३०० ते ४०० वाढवायच्या, त्याही मुख्यतः भात-पोळी-फळांतून. २०१७ मध्ये आलेल्या टास्मानियातल्या एका अभ्यासात लठ्ठ पुरुषांना दोन आठवडे डाएट आणि दोन आठवडे मेंटेनन्स असं आलटूनपालटून ठेवलं, तेव्हा सलग डाएटवाल्यांपेक्षा त्यांचं वजन जास्त उतरलं. व्यायाम करणाऱ्यांवरच्या नंतरच्या अभ्यासात चरबीत तसा फरक दिसला नाही. त्यामुळे मी ब्रेक सुचवतो तो भूक आणि डोकं ताळ्यावर यावं म्हणून, मेटाबॉलिझमच्या जादूसाठी नाही. घरात लग्नसराई असेल तर ब्रेक तिथेच टाका. या काळात काटा अर्धा ते दीड किलो वर जाईल. एक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, तीनेक ग्रॅम पाणी सोबत धरतो, त्याचं ते वजन.

हीच गोष्ट ६७ ला पोचल्यावर होते. त्या दिवशी डाएट संपवून नेहमीचं खाणं सुरू केलं की चार दिवसांत ६८ दिसतं आणि लोक घाबरून पुन्हा कापतात. म्हणून एक तर ६६.३ च्या आसपास जाऊन थांबा, किंवा आधीच ६६ ते ६८ हा पट्टा ठरवा. मेंटेनन्सला दर आठवड्याला १०० वाढवत या. ७१ ला २१०० निघाला असेल तर ६७ ला चार किलोंच्या ५६ वजा करून २०४० च्या जवळ येईल. पुढचे तीन महिने आठवड्याची सरासरी बघत राहा. ती सलग दोन आठवडे ६८ च्या वर गेली तर १५० कमी करा, ६६ च्या खाली गेली तर १५० वाढवा. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजत चला. तुमच्या उंचीला ती ८४ सेंटीमीटरच्या आत, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ६८.५ लाच ती तिथे आली तर ६७ चा हट्ट सोडून तिथूनच मेंटेनन्स सुरू करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, किंवा बीपीची औषधं चालू असतील तर १३ किलो उतरल्यावर तो डोस जास्त होत असू शकतो. चक्कर, घाम, हात थरथरणं जाणवलं तर कॅलरींचा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. किडनीचा त्रास असेल तर वरचं प्रोटीनचं प्रमाणही त्यांना विचारूनच ठरवा.