शेतकऱ्यांचे प्रश्न : पहिला मिनी ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

प्रश्न : भाऊ, माझ्या नावावर सव्वाचार एकर आहे. दोन एकर द्राक्षबाग, वाय मांडणीवर, दोन ओळींत आठ फूट अंतर. एकरभर ऊस, बाकी शाळू-सोयाबीन. फवारणीला भाड्याचा ब्लोअर बोलावते. गेल्या ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर सगळ्यांचीच घाई झाली, आमचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला आणि डाऊनी रोगाने घड गेले. आता स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचाय. आमचे हे पुण्याला नोकरीला, त्यामुळे चालवणार मीच. दीर म्हणतात, घ्यायचा तर 40 एचपीचाच घ्या, उसाची ट्रॉलीही ओढेल. काय करू? सोबत अवजारं कोणती घेऊ?
— एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुम्हाला ट्रॅक्टर हवाय तो त्या हुकलेल्या दोन दिवसांसाठी. छाटणीनंतर पाऊस उघडला की त्याच दिवशी, चिखल असताना, भरलेला ब्लोअर घेऊन बागेत शिरता आलं पाहिजे. बाकी सगळी कामं त्यानंतर. दिरांचं म्हणणं ट्रॉलीपुरतं बरोबर आहे. पण 40 एचपीचा साधा ट्रॅक्टर आठ फुटी ओळीत काड्या मोडत जाईल आणि त्याच्या वजनाने ओली जमीन दबेल. ऊस वर्षातून एकदा जातो, त्याला भाड्याची गाडी परवडते.

तुमच्या बागेला 24 ते 28 एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह मिनी बसतो. कुबोटा बी2441 आणि महिंद्रा जिवो 245 हे दोन्ही 24 एचपीचे, जॉन डिअर 3028 ईएन 28 चा. यातला कोणता, हे मी सांगणार नाही. तुमच्या गावापासून ज्याचा मेकॅनिक आणि पार्ट जवळ, तो घ्या. ऐन फळछाटणीच्या हंगामात क्लच बसला आणि प्लेट कोल्हापूरहून यायची असली, तर पुन्हा तुम्ही भाड्याच्या रांगेतच.

एचपीचा आकडा इंजिनाचा असतो, ब्लोअर चालतो पीटीओवर, म्हणजे अवजाराला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथे त्याहून कमीच ताकद पोचते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी केंद्रात ट्रॅक्टरची चाचणी होते. तो रिपोर्ट डीलरकडे मागा. पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता सगळं त्यात असतं.

लिफ्टवर, म्हणजे मागचं अवजार उचलून धरणाऱ्या हातांवर, माझं जरा जास्त बोलणं आहे. ब्लोअरच्या 600 लिटरच्या टाकीत पाणीच सहाशे किलो. वर टाकी, पंप, पंख्याचं वजन. माहितीपत्रकात लिफ्ट 750 किलो लिहिलेली असते, पण ओझं जितकं मागे लोंबतं तितकी ती कमी उचलते, आणि चढाला पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. म्हणून लिफ्टवर टांगायचा असेल तर छोट्या टाकीचा घ्या. सहाशेचाच हवा असेल तर चाकांवरचा, मागे ओढायचा घ्या. मात्र त्याला बांधाकडे वळायला जागा जास्त लागते. पैसे देण्याआधी डीलरला तुमच्याच बागेत डेमो द्यायला लावा, टाकी काठोकाठ भरून. सगळ्यात अरुंद ओळीत घाला, टोकाला वळवा. आणि सीटवर तुम्ही बसा. क्लच पूर्ण दाबताना पाय टेकतो का, पॉवर स्टेअरिंग आहे का, हे तुम्हालाच कळेल.

ब्लोअरनंतर एक रोटाव्हेटर. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा झाकल्या जातील एवढ्या रुंदीचा, नाहीतर चाकोरी घट्टच राहते. बागेत तो जपून वापरा, वरच्या पांढऱ्या मुळ्या तुटतात. शाळू-सोयाबीनला पाच फणी कल्टिव्हेटर. पल्टी नांगर घेऊ नका, खोल नांगरट मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्या.

आणि ताई, एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्या गॅरेजला येणाऱ्या कितीतरी ब्लोअरच्या, पीटीओला जोडणाऱ्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर नसतं. ग्रीस मारायला अडचण म्हणून काढून फेकलेलं. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक किंवा डोक्याचा स्कार्फ त्यात गेला तर ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. बागेत तुमच्यासोबत बायका असतील. कव्हर तुटलं की त्याच दिवशी नवीन बसवा, आणि शाफ्ट फिरत असताना टाकीत औषध ओतायलाही कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

प्रश्न : अनुदान किती मिळतं? आधी ट्रॅक्टर घेऊन मग अर्ज केला तर चालतं का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : नाही चालत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. संमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असलं तर अनुदान गेलं. महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या 50 टक्के किंवा सव्वा लाख, यातलं कमी ते मिळतं. इतरांना 40 टक्के किंवा एक लाख. सातबारा घरातल्या बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोटेशनवर कराचा आकडा बघूनच सही करा.