ज्वारी गोणीत कधी जाणार?

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात पीएच.डी. करतो. मालदांडी ज्वारीचं बियाणं पावसाळ्याचे चार महिने साध्या गोणीत, कणगीत आणि हवाबंद पिशवीत ठेवलं तर उगवणशक्तीत काय फरक पडतो, यावर माझा पहिला पेपर तयार आहे. जर्नलची गोषवाऱ्याला मर्यादा २५० शब्दांची, माझा अ‍ॅबस्ट्रॅक्ट ४१२ शब्दांचा. तीनदा लिहिला, तरी गाइड सर एवढंच म्हणतात, "दम नाही." सोबत पेपर पाठवतोय. काय काढू?
— एक संशोधक विद्यार्थी, पाषाण

उत्तर : तुमचा मसुदा चहाबरोबर वाचायला घेतला. चहा निवला, तरी ज्वारी काही गोणीत गेली नव्हती! ज्वारी हे महाराष्ट्राचं महत्त्वाचं पीक, कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार, साठवणुकीत नुकसान होतं... यातलं काही खोटं नाही. पण ज्याला हे सांगावं लागतं तो तुमचा पेपर उघडणार नाही, आणि जो उघडेल त्याला हे पाठ आहे. ही पाच वाक्यं गेली की शंभरेक शब्द सुटले.

मी संशोधन करत होते तेव्हा ग्रंथालयात 'केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स'चे विटांसारखे खंड असत. बारीक टाइप, पानंच्या पानं नुसते गोषवारे. मूळ जर्नल बहुतेक वेळा आमच्याकडे नसायचं. मग लेखकाला कार्ड धाडायचं, 'कृपया लेखाची एक प्रत पाठवावी', आणि पोस्टमनची वाट बघत बसायचं. परदेशी टपालाचे पैसे स्टायपेंडमधून जात, त्यामुळे गोषवारा वाचताना मी मंडईतल्या चिकट गिऱ्हाइकासारखी वागे. शेवटी 'रिझल्ट्स आर डिस्कस्ड' दिसलं की खंड मिटायचा. अहो, चर्चा केलीत, पण निघालं काय?

तुमचंही शेवटून दुसरं वाक्य तेच आहे : साठवणुकीच्या पद्धतीचा 'सिग्निफिकंट' परिणाम दिसला. कोणती पद्धत सरस? कितीनं? ते तक्ता ३ मध्ये आहे. आज कार्ड धाडावं लागत नाही, पण बरीच जर्नल्स अजून पैशांच्या कुलपात असतात आणि गोषवारा तेवढा फुकट दिसतो. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला तुमचा तक्ता दिसणारच नाही.

म्हणून उलटीकडून लिहा. आधी तक्ता ३ मधले आकडे घेऊन एक वाक्य : चार महिन्यांनी कुठल्या साठवणीत किती टक्के बी उगवलं. (तुमचे आकडे अजून प्रसिद्ध व्हायचेत, म्हणून इथे देत नाही.) मग त्याच्या आधी, हे कसं मोजलं : किती नमुने, किती पुनरावृत्ती, सुरुवातीला बियाण्यात ओलावा किती. सगळ्यात वर एकच वाक्य, आजवर काय ठाऊक नव्हतं याचं. यंत्राची कंपनी आणि मॉडेल मुख्य लेखात राहू द्या. 'सोर्घम बायकलर' हे ज्वारीचं शास्त्रीय नाव आणि 'एम ३५-१' हे मालदांडीचं नाव मात्र ठेवा; शोधणारा त्याच शब्दांनी शोधतो.

शेवटचं वाक्य, 'शेतकऱ्यांनी हवाबंद पिशवीच वापरावी', खोडलं आहे. तुम्ही एक हंगाम, एका खोलीत, एका वाणावर प्रयोग केलात. पेपरात हा दावा कुठेही नाही. मग गोषवाऱ्यात तो कुठून उगवला?

आता मला खटकलेली खरी गोष्ट. कणगीतलं बियाणं तुमच्या अंदाजाविरुद्ध निघालं, हे मुख्य लेखात प्रामाणिकपणे लिहिलंय. गोषवाऱ्यातून मात्र कणगी गायब! जागा नव्हती म्हणाल, तर ज्वारीच्या महतीला कशी होती? अवघड निकाल लपवायला गोषवाऱ्यासारखी सोयीची जागा नाही, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. मीही ठेवत असे.

बाकी किरकोळ. संदर्भ नकोत. उद्देश, पद्धती, निष्कर्ष असे मथळे जर्नलनं मागितले तरच द्या. १९८७ पासून वैद्यकीय जर्नलांत ती पद्धत रुळत गेली, तुमच्या जर्नलच्या सूचनांत ती नाही.

किती छोटा चालतो म्हणाल, तर २०११ मध्ये न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगानं धावल्याची आवई उठली होती. मायकेल बेरी या नामवंत भौतिकशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी एक पेपर लिहिला. त्या वेगाचं स्पष्टीकरण अमुक क्वांटम परिणामानं देता येईल का, असा शीर्षकातच प्रश्न, आणि अख्खा गोषवारा दोन शब्दांचा : 'प्रॉबेब्ली नॉट', म्हणजे 'बहुधा नाही'. तुम्ही हे करायला जाऊ नका, त्यासाठी आधी मायकेल बेरी व्हावं लागतं.

२५० च्या आत आला की पुन्हा पाठवा. कणगीसकट.